वास्तूचे नकाशे आणि वास्तूची स्मृती

घर बांधणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी नकाशावर सही करावी लागते. सही करणारे पुष्कळ असतात, पण नकाशा वाचता येणारे थोडे. आपली खोली कोणती आणि स्वयंपाकघर कोठे, एवढे पाहून बहुतेक जण कागद परत करतात. राज्य शासनाच्या सेवेत असताना प्रस्तावांबरोबर आलेले असे शेकडो नकाशे आमच्या नजरेखालून गेले. एकाच इमारतीचे चार-पाच वेगवेगळे नकाशे कशासाठी जोडावयाचे, असा प्रश्न त्या वेळी अर्जदार नेहमी विचारीत. या प्रश्नाचे उत्तर चार हजार वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. प्रत्येक नकाशा वास्तूविषयी एक गोष्ट खरी सांगतो आणि उरलेल्या गोष्टींविषयी मौन पाळतो. यांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी वास्तू पडल्यावर तिच्याविषयीचे तेवढे ज्ञान कायमचे बुडते. हे दोन मुद्दे काही उदाहरणांच्या आधारे मांडावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी. 'नकाशा' हा शब्द अरबी 'नक्श' या मुळापासून आपल्याकडे आला आणि 'नक्षी' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. गावाचा तो नकाशा, देशाचा तो नकाशा आणि घराचाही नकाशाच, असे आपण एकाच शब्दावर भागवतो. बांधकामाच्या जागेवर मात्र प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शन हे शब्द गवंड्यांच्याही तोंडी रुळले आहेत. या लेखात त्यांना अनुक्रमे तळनकाशा, दर्शनी नकाशा आणि छेद असे म्हटले आहे.

यांत सर्वांत जुना तळनकाशा. आजच्या इराकमधील तेल्लो येथे, म्हणजे प्राचीन गिर्सू नगरीच्या जागी, गुडेआ राजाचे शिरविरहित पाषाणशिल्प सापडले. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वीच्या या शिल्पातील राजाच्या मांडीवर एक पाटी आहे आणि तिच्यावर मंदिराच्या तटभिंतीचा तळनकाशा कोरलेला आहे. शेजारी मोजपट्टी आणि लेखणीही दाखविली आहे. राजाने देवासमोर मिरवावी अशी वस्तू म्हणून शिल्पकाराने नकाशा निवडला, यावरून त्या समाजात या विद्येला केवढा मान होता ते दिसते.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने वास्तुचित्रांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तळनकाशाला त्याने 'इक्नोग्राफिया' असे ग्रीक नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ पाऊलखुणेचे आलेखन. वास्तू जमिनीवर पाऊल ठेवते, त्या पावलाचा ठसा म्हणजे तळनकाशा. आजची व्याख्या याहून थोडी काटेकोर आहे. इमारत जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आडवी कापली आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, तर वरून जे दिसेल ते तळनकाशात काढतात. म्हणूनच त्यात भिंती जाड रेषांनी येतात, कारण त्या कापल्या गेलेल्या असतात. पायऱ्या, ओटे, उंबरे खाली दिसतात म्हणून त्यांच्या रेषा बारीक. डोक्यावरून जाणारी तुळई किंवा पोटमाळा तुटक रेषांनी दाखवितात. दाराची पाव वर्तुळासारखी कमान दार कोणीकडे उघडते ते सांगते आणि जिन्यावरील बाण चढण्याची दिशा दाखवितो. एवढी चार चिन्हे लक्षात ठेवली, तरी सामान्य माणसाला आपल्या घराचा तळनकाशा निम्मा वाचता येतो.

तळनकाशाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो कागदावरून थेट जमिनीवर उतरतो. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि फक्कीच्या रेघा मारल्या की तो पूर्ण आकारात डोळ्यांसमोर येतो. पायाचे खोदकाम त्या रेघांवर चालते. मात्र भिंत किती उंच, छप्पर कौलारू की सपाट, खिडकी कमानीची की चौकटीची, यांविषयी तो काहीही सांगत नाही.

ते सांगण्याचे काम दर्शनी नकाशाचे. समोर उभे राहून पाहिल्यास दिसेल तशी इमारत यात काढतात, पण एका महत्त्वाच्या फरकाने. डोळ्याला दूरची वस्तू लहान दिसते, परंतु दर्शनी नकाशात ती लहान काढीत नाहीत. पुढे आलेला सज्जा आणि दहा फूट मागे असलेली भिंत, दोन्ही एकाच प्रमाणात येतात. त्यामुळे हे चित्र डोळ्याला थोडे सपाट वाटले तरी त्यावरील प्रत्येक उंची आणि रुंदी खरी असते.

हा नकाशा किती सामर्थ्यवान असू शकतो याचे उदाहरण जर्मनीतील कोलोन येथे आहे. तेथील कॅथीड्रलचे काम इ. स. १२४८ मध्ये सुरू झाले आणि सोळाव्या शतकात ते अर्धवट थांबले. दक्षिण मनोऱ्याच्या बुंध्यावर लाकडी यारी शतकानुशतके तशीच उभी होती. मनोरे पूर्ण झाल्यावर कसे दिसायचे होते, हे सांगणारा कोणी उरला नव्हता. चर्मपत्रावर काढलेला पश्चिम दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा मात्र कोठेतरी शिल्लक होता. त्याची उंची सुमारे ४ मीटर. त्याचा एक अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाट येथे आणि दुसरा १८१६ मध्ये पॅरिसमध्ये सापडला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये ते पूर्ण झाले. तेराव्या शतकात कोणा अनामिकाने काढलेल्या रेषांवरून एकोणिसाव्या शतकातील गवंड्यांनी दगड रचला. रेखन करणारा आणि बांधणारा यांच्यामध्ये सहा शतकांचे अंतर होते, आणि ते त्या एका चर्मपत्राने भरून काढले.

तिसरा प्रकार छेद. सामान्य माणसाला हा सर्वांत अनोळखी आणि जाणकाराला सर्वांत मोलाचा. इमारत उभी कापून आतील भाग यात दाखवितात. पाया किती खोल आहे, जोते किती उंच, जमिनीची जाडी किती, जिना डोक्याला लागेल की नाही, छताचा भार कोणत्या भिंतीवर येतो, हे सारे छेदातच कळते. ताजमहालाचे उदाहरण घेऊ. बाहेरून दिसतो तो घुमट आणि आतील दालनात मान वर करून दिसतो तो घुमट हे एक नव्हेत. आतील घुमट बराच खाली संपतो, त्याच्यावर बाहेरचा उंच घुमट स्वतंत्र उभा आहे आणि दोहोंमध्ये मोठी पोकळी आहे. बाहेर उभे राहा किंवा आत, ही पोकळी दिसत नाही. तळनकाशात तेथे केवळ एक वर्तुळ येईल आणि दर्शनी नकाशात बाहेरील फुगवटा. ती पोकळी फक्त छेदात प्रकट होते.

वडोदऱ्यात छेदाचा विषय निघाला की मेजर चार्ल्स मँट यांची आठवण होणे साहजिक आहे. रॉयल इंजिनिअर्स दलातील या अधिकाऱ्याने कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि येथील लक्ष्मीविलास राजवाडा या दोन्ही वास्तूंचे आराखडे केले. दोन्ही दरबार मराठ्यांचे, म्हणून त्यांचे नाव आपल्या लोकांत दोन्हीकडे घेतले जाते. १८८१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा दोन्ही वाडे अपुरे होते. आपली गणिते चुकली आहेत आणि आपण उभारलेल्या इमारती कोसळणार आहेत, या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. कथेत तथ्य किती आणि रंग किती, हा वाद येथे नको. पण तिच्यातील भीतीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. कोणताही नकाशा मापे दाखवितो, वजन दाखवीत नाही. भिंत दोन फूट जाड आहे हे रेषा सांगते, पण ती वरचा भार पेलेल किंवा नाही याचे उत्तर रेषेत नसते. ते छेद समोर ठेवून, भाराची वाट वरून खाली पायापर्यंत शोधून, निराळे काढावे लागते. मोठ्या इमारतीच्या रचनाकाराची झोप उडवणारा कागद हाच.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. मद्रासमध्ये नाव मिळविलेले रॉबर्ट फेलोज चिझम यांनी लक्ष्मीविलासचे काम हाती घेतले आणि १८९० मध्ये तो पूर्ण झाला. कोल्हापूरचा वाडाही १८८४ मध्ये पुरा झाला. आज दोन्ही भक्कम उभे आहेत. ज्याने कल्पना केली तो गेला आणि त्याच्या कागदांवरून दुसऱ्याने ती तडीस नेली. कोलोनला सहा शतकांत जे घडले ते येथे एका दशकात घडले. नकाशा ही संस्था निर्माण झाली नसती तर एका माणसाच्या मृत्यूबरोबर राजवाडाही अपुरा राहिला असता.

व्हिट्रुव्हियसने सांगितलेला तिसरा प्रकार 'सिनोग्राफिया', म्हणजे रंगमंचावरील देखाव्यासारखे चित्र. यालाच आपण यथार्थदर्शन म्हणतो. संगीत नाटकांच्या काळातील राजवाड्याचा पडदा किंवा रस्त्याचा पडदा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सपाट कापडावर खांबांची रांग लहान लहान होत दूर जाते आणि प्रेक्षकाला खोली भासते. डोळ्याला सर्वांत पटणारे आणि बांधणाऱ्याला सर्वांत कमी उपयोगाचे असे हे चित्र आहे, कारण त्यातील दूरची मापे आखडलेली असतात. इटलीतील थोर चित्रकार राफाएल याने १५१९ च्या सुमारास पोप दहावा लिओ याला लिहिलेल्या पत्रात हाच इशारा दिला होता. वास्तुविदाने तळनकाशा, बाहेरील भिंत आणि आतील भिंत अशी तीन रेखाटने करावीत आणि त्यांत चित्रकारासारखे दूरचे लहान करू नये, असे त्याचे म्हणणे होते. जगातील एका श्रेष्ठ चित्रकाराने हे लिहावे, याला विशेष महत्त्व आहे. आज इमारतींच्या जाहिरातपत्रकांवर संगणकाने रंगविलेली जी मोहक चित्रे असतात, त्यांना सही करण्यापूर्वी हाच न्याय लावावा.

तरीही यथार्थदर्शनाला कमी लेखण्याचे कारण नाही. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. म्हणजे त्या वाड्याचा तळनकाशा जमिनीवर दगडांत शिल्लक आहे. जोत्यांवरून फिरताना चौक कोठे होते, कारंजे कोठे होते, हे आजही कळते. गणेश रंगमहालाच्या अंतर्भागाचे एक यथार्थदर्शन चित्ररूपाने उरले आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात केलेल्या अभ्यासांच्या आधारे टॉमस डॅनिअलने १८०५ मध्ये पेशव्यांच्या दरबाराचे तैलचित्र पूर्ण केले. पण मजल्यांची उंची, जिन्यांची चढण, तुळयांची बांधणी सांगणारा मोजमापांचा छेद आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यामुळे मराठी सत्तेचे जे केंद्र होते, त्या वास्तूचे पाऊल आपल्याला ठाऊक आहे, तिच्या एका दालनाचा चेहरा ठाऊक आहे, आणि तिची उंची मात्र आठवणींवर आणि तर्कावर सोपवावी लागते. नकाशांचे प्रकार हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही, हे मराठी वाचकाला पटवून देण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आपल्याकडे नकाशे काढीतच नसत, असा एक समज आहे. तो खोडून काढण्यासाठी भोपाळजवळच्या भोजपूरला जावे. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी जोडलेले तेथील शिवमंदिर अपुरे राहिले आणि त्या अपुरेपणामुळेच एक अमूल्य गोष्ट वाचली. मंदिराभोवतीच्या खडकांवर कारागिरांनी मंदिरांचे तळनकाशे, खांब, थर, कोनाडे आणि शिखरांचे आकार रेषांनी कोरून ठेवले आहेत. मंदिर पूर्ण झाले असते तर या खुणा बहुधा झिजल्या किंवा झाकल्या गेल्या असत्या. यांतील काही रेखाटने आज ज्याला तपशील-नकाशा म्हणतात त्या जातीची आहेत. खांबाच्या एखाद्या थराची वळणे नेमकी कशी असावीत, हे पाथरवटाला शब्दांनी सांगता येत नाही. ते रेखून, प्रसंगी पूर्ण आकारात रेखून, त्याच्यासमोर ठेवावे लागते. तळनकाशा शंभराव्या हिश्शाने लहान काढला तरी चालतो, पण चौकटीवरील नक्षीला तसे करून भागत नाही.

याच राजा भोजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ १९२४ व १९२५ मध्ये दोन खंडांत वडोदऱ्याहूनच, गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये, टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातील 'सूत्रधार' हा शब्द मराठी रसिकाला नाटकातून परिचित आहे. वास्तुकलेत सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा, मापाची सूत्रे ज्याच्या हाती आहेत असा प्रमुख कारागीर. गुजरातेतील सोमपुरा घराण्यांत ही परंपरा अखंड चालू राहिली. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या सोमनाथाच्या मंदिराचे स्थपती प्रभाशंकर सोमपुरा होते.

आता नकाशांच्या प्रतींविषयी थोडे. मूळ नकाशा एकच असतो आणि जागेवर तो दहा जणांना लागतो. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर सूर्यप्रकाशाने प्रत उमटविण्याची रीत शोधली. पारदर्शक कागदावरील किंवा खळ दिलेल्या कापडावरील नकाशा त्यावर ठेवून उन्हात धरला आणि नंतर पाण्याने धुतला की निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा उमटत. हीच ती ब्ल्यू प्रिंट. पुढे तिची जागा अमोनिया प्रिंटने घेतली आणि नंतर संगणकाच्या छपाईने. निळी प्रत गेली, पण 'विकासाची ब्ल्यू प्रिंट' मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यांत राहिली. या काळातील एक जुना नियम अजून लागू आहे. नकाशावर माप लिहिलेले असेल तर तेच प्रमाण मानावे, पट्टी लावून मोजू नये. कागद दमटपणाने फुगतो, कोरडा पडून आकसतो आणि प्रत काढताना आकारही बदलतो. लिहिलेला आकडा मात्र बदलत नाही.

कापडावरील जुने नकाशे पाण्याच्या एका गळतीने नष्ट होतात, कागदी नकाशांना कसर आणि वाळवी खाते. एका कचेरीत संस्थानकाळातील नकाशांच्या गुंडाळ्या कपाटाची जागा अडवतात म्हणून ओलसर कोठडीत ढकललेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. ज्या इमारती त्या नकाशांवरून उभ्या राहिल्या, त्यांची दुरुस्ती करण्याची वेळ येते तेव्हा छताखाली तुळई आहे की कमान, हे पाहण्यासाठी चांगली भिंत फोडावी लागते. छेद हाताशी असता तर ती फोडावी लागली नसती.

मूळ नकाशा नसेल तर उभ्या वास्तूचे मोजमाप घेऊन नवा नकाशा करता येतो. यास मोजणी-नकाशा म्हणावे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि मध्ययुगीन ओकचे संपूर्ण छप्पर जळाले. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१४ मध्ये, रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक ट्रेंतसो या दोन वास्तुविदांनी त्या छपराच्या लाकूडकामाची तपशीलवार मोजणी करून नकाशे केले होते. कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनीही लेसर यंत्राने वास्तूची मोजणी केली होती. ते आगीपूर्वीच, २०१८ मध्ये, निवर्तले. छप्पर पुन्हा जुन्या पद्धतीने उभारताना या नोंदी कामी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले. शनिवारवाड्याला असा कोणी भेटला नाही.

आपल्या वस्त्यांचे काय, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. वडोदऱ्यातील रावपुरा आणि दांडिया बाजार, ग्वाल्हेरचे लष्कर, इंदूरच्या जुन्या पेठा, बेळगावच्या गल्ल्या, येथे मराठी कुटुंबांनी बांधलेले वाडे दरवर्षी पडत आहेत. प्रत्येक वाडा राखता येणार नाही, हे आम्हांस कळते. वाटण्या होतात, जागेला भाव येतो, लाकूड कुजते. पाडणाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. पण पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा करणे कोणालाही अशक्य नाही. त्यासाठी फार साधनेही लागत नाहीत. एक मोजपट्टी, एक ओळंबा, चौकटीचा कागद आणि दोन माणसे पुरतात. तळनकाशा घेताना खोलीच्या चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजावा, कारण चार बाजूंवरून खोली काटकोनात आहे की तिरपी, हे ठरत नाही आणि जुन्या वाड्यातील खोली क्वचितच काटकोनात असते. ओसरीपासून परसापर्यंत चौकातून जाणारा निदान एक छेद घ्यावा आणि त्यात जोत्याची, मजल्यांची व आढ्याची उंची लिहावी. दरवाजाच्या चौकटीचा आणि खांबाच्या तळखड्याचा तपशील पूर्ण आकारात काढावा. दिशा दाखवावी, मापे आकड्यांत लिहावीत आणि तारीख घालावी. छायाचित्रे अवश्य काढावीत, पण ती यथार्थदर्शनाच्या जातीची असल्याने नकाशाची जागा घेऊ शकत नाहीत.

अशा नकाशाची एक प्रत घरात आणि एक आपल्या गावातील ग्रंथालयात ठेवली, तर वाडा गेला तरी त्याचे पाऊल, उंची आणि चेहरा हे तिन्ही एकत्र राहतील. पावसाळा संपून भिंती सुकल्या की हे काम हाती घेण्यास उत्तम काळ असतो. ज्या सभासदांचे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांनी या वर्षी एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.